भात संपेपर्यंतचे होकार

"सांगतो, पण कुणाचा विश्वास बसायचा नाही. मी माशांकडून अहवाल पास करून घेतलाय."

गेल्या बुधवारी निवळकोंडच्या फाट्यावर, अंकुशच्या टपरीत मी हे वाक्य टाकलं आणि चहाची वाट बघत बसलो. अंकुश लांज्याकडचा. आमच्या गावात येऊन त्याला सहाच वर्षं झालीत, त्यामुळे त्याच्यापुढं माझा माल अजून खपतो. गावची माणसं निराळी. त्यांना मी उद्या रविवार आहे म्हटलं तरी घरी जाऊन कॅलेंडर बघतात.

"कसला अहवाल, तात्या?"

"संस्थेचा. नदीच्या कामाचा. बाहेरून निधी आलेला, तीन वर्षांचा."

"आणि तो माशांनी पास केला."

"सही तेवढी केली नाही. बाकी सगळं केलं."

अंकुशनं स्टोव्ह बारीक केला. म्हणजे मला वेळ मिळाला.

बाकाच्या दुसऱ्या टोकाला सुगंधा गुरव बसली होती. चारच्या गाडीनं तिला राजापूरला लेकीकडे जायचं होतं. मांडीवर पिशवी, पिशवीत आमसुलं. साठी ओलांडली तरी ताठ बसते, आणि बोलते ते मोजून. तिच्याकडे पाठ होईल असा मी जरा सरकून बसलो. सांगताना समोर एकच माणूस असावा, असं माझं मत आहे.

आमच्या गावाखाली नदीला एक डोह आहे. काठावर कोंडजाईचं देऊळ, देवळासमोरून पाण्यात उतरायला काळ्या दगडाच्या पायऱ्या. डोहात खडस मासे. हाताएवढे, मांडीएवढे, आणि एक तर म्हणतात नाकात सोन्याची नथ घातलेली, पेशवाईपासूनची. हे मासे देवीची लेकरं. त्यांना कुणी धरायचं नाही, मारायचं नाही, आणि मोजायचंही नाही.

"मोजायचं का नाही?"

"तू तुझी पोरं मोजतोस रोज संध्याकाळी? एक, दोन, तीन म्हणून?"

"मला एकच आहे."

"मग तुला कळायचं नाही."

तेवीस वर्षांपूर्वी पुण्याची एक संस्था आली. नद्यांचं काम करणारी. त्यांच्या मेधाताई खरे नावाच्या बाई होत्या, पायात कॅनव्हासचे बूट, डोळ्यांत नुसता उत्साह. त्यांनी आमचा डोह बघितला आणि आमचं गाव निधीत बसवलं. काम तीन प्रकारचं. काठावर करंज आणि वाळुंज लावायची. डोहाची राखण करायची. आणि वर्षातून एकदा मासे किती झाले ते छापील कागदावर भरून पुण्याला पाठवायचं. झाडं वाडीतल्या बायकांकडे गेली. राखण सुगंधाकडे गेली, कारण तिचा बाप धाकू गुरव देवीचा पुजारी, घर देवळाला लागून, आणि नवरा वारल्यावर ही लेकीला घेऊन बापाकडेच राहत होती. आणि कागद माझ्याकडे आला. कारण माझं अक्षर चांगलं.

राखण ही काही गंमत नव्हती. वरच्या अंगाला दोन डोह होते. उन्हाळ्यात पाणी कमी झालं की बाहेरची माणसं यायची, ब्लीचिंग पावडर ओतायची, आणि तासाभरात लहानमोठा सगळा मासा पोट वर करून तरंगायचा. ते दोन्ही डोह तसे रिकामे झालेले. आमचा तेवढा देवीच्या धाकानं उरलेला, आणि धाक काही वर्षावर्षाला वाढत नसतो. सुगंधा पत्र्याचा डबा आणि बांबूची काठी घेऊन काठावर बसायची. डबा वाजला की चारी वाड्या धावत. दुसऱ्या वर्षीच्या वैशाखात दोन गडी पोतं घेऊन उतरले तेव्हा वाड्या पोचायच्या आधी तिनं एकटीनं त्यांचं पोतं काठीनं फाडलं, पावडर सगळी कातळावर. महिनाभर तिचे हात सोललेले होते.

"आणि तुम्ही काय करत होता?" अंकुशनं विचारलं.

"मी कागद भरत होतो. सांगतोय ना."

कागदावर एक रकाना होता, 'माशांची संख्या'. पहिल्यांदा तो रकाना घेऊन मी धाकू गुरवाकडे गेलो. म्हातारा अंगणात दोर वळत बसलेला.

"धाकूकाका, मासे मोजायचेत."

"कुणी सांगितलं?"

"पुण्यानं."

"पुण्याला सांग, कोंडजाईची पोरं मोजायची नसतात. मोजली की ओहोटी लागते."

"काका, रकाना आहे."

"रकाना तुझा हाय ना? मग तूच भर."

त्याच्या अंगणातून निघालो तो फाट्यावर राजापूर गाडी उभी. पाटीवरचे शेवटचे तीन आकडे चारशे बारा. मी चारशे बारा लिहिलं. मला वाटलं, कोण बघतंय. पण पुण्याला तो आकडा फार आवडला. मेधाताईंनी कार्यालयात तक्ता लावला, त्यावर पहिला निळा खांब आमच्या डोहाचा. वर्षानं कागद आला तेव्हा आमची मतदार यादी माझ्या हाताखाली होती. अकराशे आठ, त्यात मेलेलेही धरलेले. तेच लिहिलं. खांब वाढला. तिसऱ्या वर्षी डोक्यात काही येईना, म्हणून वडिलांचं जन्मसाल टाकलं. एकोणीसशे सदतीस. तो खांब तक्त्याच्या बाहेर गेला. मेधाताईंनी वरून कागदाची पट्टी जोडली म्हणतात.

अंकुश इतका हसला की दूध उतू गेलं.

"हस. मलाही हसायला येत होतं. ते त्या आश्विनापर्यंत."

तिसऱ्या वर्षी श्रावणात पूर आला. तसला पूर मी आधी नाही पाहिला, नंतरही नाही. काठ खचला, लावलेली करंजं अर्धीअधिक गेली, आणि डोहाच्या सात पायऱ्यांपैकी खालच्या तीन नदी घेऊन गेली. पाणी निवळायला दसरा उजाडला. आणि दसऱ्यानंतर चार दिवसांनी मेधाताईंचा निरोप आला. निधी देणाऱ्यांचा माणूस येतोय. सबनीस म्हणून. तीन वर्षांचं काम बघणार, आकडे ताडून बघणार. त्याचं मत चांगलं पडलं तर पुढची पाच वर्षं काम चालू. नाही पडलं तर इथंच थांबायचं.

सबनीस आले सोमवारी सकाळी. बारीक माणूस, खिशात पेन्सिल, दर दोन वाक्यांनी ती कानावर. देवळाच्या ओट्यावर बसून त्यांनी माझे कागद पसरले. शेजारी मेधाताई, कौतुकानं माझ्याकडे बघत.

"बावकर, चारशे बारा ते एकोणीसशे सदतीस. तीन वर्षांत."

"देवीची कृपा, साहेब."

"पिल्लं धरलीत यात?"

"धरली. पण कडेवरची नाही धरली."

त्यांनी पेन्सिल कानावरून काढली, बघितली, परत ठेवली.

"मोजता कसे तुम्ही?"

इथं माणसानं गप्प बसावं. मी नाही बसलो. तोंडातून निघून गेलं, "साहेब, आमचे मासे गाऱ्हाण्याला वर येतात. ओळीनं."

"गाऱ्हाणं म्हणजे तेच ना," अंकुश म्हणाला, "एकजण देवापुढं उभा राहून बोलतो आणि बाकीचे व्हय महाराजा म्हणतात?"

"तेच. गावाची सगळी हकीकत देवापुढं मोठ्यानं मांडायची, मग मागणं मागायचं. एक वाक्य, एक होकार. देवी असली तरी होकार महाराजाचाच."

सबनीस म्हणाले, "मग उद्या दुपारी गाऱ्हाणं घाला. मला बघायचंय. परवा सकाळी मी निघतो."

मेधाताई खूश. मी पण खूश असल्यासारखा चेहरा केला आणि सरळ धाकू गुरवाच्या घराची वाट धरली. गावात गाऱ्हाणं घालायचा मान त्याचाच. मी त्याच्यापुढं बसलो आणि एसटी, मतदार यादी, वडील, सगळं सांगितलं. म्हातारा ऐकत होता. दोर वळायचा थांबला नाही.

"आणि मी देवीपुढं उभं राहून तुझ्या बापाचं जन्मसाल सांगू?"

"नुसतं 'मासे पुष्कळ झाले' म्हणा, काका. आकडा नको."

"जैराम, त्या जागी मी पन्नास वर्षं उभा राहतोय. तिथं एक शब्द इकडचा तिकडं केला नाय. आकडा ज्याचा, गाऱ्हाणं त्यानं घालावं. उद्या मी तोंड उघडणार नाय. बसायला येईन."

सुगंधा आत भात शिजवत होती. नैवेद्याचा. ती दारात आली, हातात तशीच पळी.

"म्हणजे उद्या सगळं बंद?"

मी म्हटलं, "कागद खोटा निघाला तर कोण पुढं चालू ठेवील?"

"तुझे कागद जायचे तर जाऊ देत. राखण गेली तर काय? गावच्या माणसांना शेती आहे, पोटं आहेत. फुकट कोण बसेल वैशाखात डबा घेऊन? मी बसेन. मी एकटी किती उन्हाळे बसेन? एक दिवस माझा डोळा लागेल आणि उठून बघेन तो डोह पांढरा."

ती रागावली नव्हती. तेच जास्त लागलं.

"सुगंधा, तू रोज काठावर असतेस. मासे वाढले का खरोखर?"

"वाढले."

"किती?"

"मोजायचे नसतात."

"मग वाढले हे कशावरून?"

आणि तेव्हा तिनं ते सांगितलं. अंकुश, हे नीट ऐक, कारण पुण्यामुंबईच्या शिकलेल्यांना हे सुचलेलं नाही. रोज सकाळी नैवेद्य झाला की गुरवाच्या घरातून मूठभर भात डोहात टाकायचा, ही जुनी रीत. भात टाकला की सुगंधा वडिलांचं गाऱ्हाणं मनातल्या मनात म्हणायची आणि होकार स्वतःच द्यायची, पुटपुटत. व्हय महाराजा. व्हय महाराजा. आणि भाताचं शेवटचं शीत पाण्यावरून दिसेनासं होईपर्यंत किती होकार झाले, ते लक्षात ठेवायची. माशाला हात नाही, माशावर बोट नाही. मोजले ते स्वतःचे होकार. काम सुरू झालं त्या वर्षी मूठभर भात संपायला अकरा होकार लागायचे.

"बारा," बाकाच्या त्या टोकाकडून आवाज आला.

मी मागं बघितलं नाही. "बारा. आणि दुसऱ्या वर्षी?"

"तीन."

"तीन. बघ अंकुश. बारावरून तीनवर. हात मागं घ्यायच्या आत भात साफ."

"आणि पुरानंतर?"

"ते तिला माहीत नव्हतं. पूर आल्यापासून पाणी गढूळ, भात टाकला की दिसेनासा. मासे खाली वाहून गेले की कपारीत राहिले, कुणाला ठाऊक. पाणी निवळून आठवडा झालेला, आणि तिची भाताकडे बघायची छाती झाली नव्हती. 'टाकते आणि तोंड फिरवते' म्हणाली."

अंकुशनं चहा माझ्यापुढं ठेवला. आता तो स्वतःही बसला होता, गिऱ्हाईक उभं असताना.

मंगळवार दुपार. चारी वाड्यांची माणसं देवळासमोर. सबनीस वरच्या पायरीवर, पेन्सिल हातात. मेधाताई त्यांच्या शेजारी, नवी साडी नेसलेल्या. धाकू गुरव खांबाला टेकून, ओठ असे मिटलेले की मधून सुई जायची नाही. बायका रीतीप्रमाणे मागं, आणि सुगंधा तर त्यांच्याही मागं, देवळाच्या पाठीमागं कण्हेरीच्या झाडांत. तिला बघवत नव्हतं.

आणि मी, अंकुश, नारळ ठेवला, नैवेद्याच्या भाताचं ताट घेतलं आणि उतरलो. एकेक पायरी. सातव्या पायरीवर जाऊन उभा राहिलो, गुडघाभर पाण्यात. आयुष्यात मी हजार खोट्या गोष्टी सांगितल्या असतील, पण त्या सगळ्या कोरड्या जागेवर.

तोंड देवळाकडे केलं आणि आवाज सोडला.

"हे आई कोंडजाई, चार वाड्यांच्या मालकिणी..."

होकार नाही.

मला वाटलं, ऐकू गेलं नाही. पुन्हा, मोठ्यानं.

"आज लांबून माणसं तुझ्या दारात आलीत, तुझ्या लेकरांची हकीकत विचारायला..."

कुणी बोलेना. चाळीस-पन्नास माणसं, सगळी एकमेकांकडे बघतायत. जन्मभर ज्यांना होकार म्हणजे श्वासासारखा, त्यांच्या तोंडातून हूं नाही.

"का पण?" अंकुशनं विचारलं.

"मी उभा होतो म्हणून. त्या जागी उभं राहणारं माणूस ते नव्हे, असं त्यांचं म्हणणं."

"बरोबर आहे त्यांचं."

"बरोबर असेल. पण पाण्यात मी होतो. मागं फिरलो असतो तर सगळं तिथंच संपत होतं. मग मी सगळंच सांगून टाकलं. 'आई, कागदावर तुझ्या पोरांचा आकडा गेला, तो खोटा हाय. कुणी मोजला नाय, कुणी मोजणार नाय. ज्यानं लिहिला त्याला पदरात घे.' मेधाताईंचा चेहरा असा झाला की मला अजून आठवतो. सबनीसांची पेन्सिल थांबली."

अंकुश मध्येच म्हणाला, "थांबा. स्वतःलाच 'ज्यानं लिहिला' म्हणालात?"

"गाऱ्हाण्याची रीत असते ती. मी मी करायचं नसतं देवीपुढं."

"बरं. पुढं."

"'पुरानं तुझा काठ नेला. आत काय उरलं ते तुलाच ठाऊक. आज जे खरं असेल ते दाखव. भलं असेल तर भलं, वाईट असेल तर वाईट, आम्ही डोळे उघडे ठेवतो. पण आई, राखण मोडू देऊ नको.' असं म्हटलं आणि ताटातला भात मुठीत घेऊन पाण्यावर टाकला."

इथं मी थांबलो. चहाचा एक घोट घेतला. अंकुशच्या गिऱ्हाइकानं स्वतःच बरणीतून बिस्कीट काढून घेतलं होतं आणि तोही ऐकत होता.

भात पसरला. पांढरा, उन्हात चमकणारा. आणि खालून, अंकुश, अगदी तळातून, काळी सावली वर सरकायला लागली. मासे होते. येत होते. किती, काय, कळायला मार्ग एकच, होकार. आणि होकार देणारं कुणी नाही. भात पाण्यावर, मासे वर येतायत, आणि मोजायला एक शब्द नाही. मी स्वतः म्हणावं तर गाऱ्हाणं घालणाऱ्यानं स्वतःला होकार द्यायचा नसतो, तेही पन्नास माणसांसमोर. तीन वर्षांचं काम, करंजं, सोललेले हात, सगळं त्या एका शब्दावर येऊन अडलेलं. पहिलं शीत गेलं. दुसरं गेलं.

आणि देवळाच्या पाठीमागून, कण्हेरीतून, एक आवाज आला. फाटका, घाबरलेला, पण मोठा.

"व्हय महाराजा."

सगळ्या माना तिकडे वळल्या. सुगंधा.

मग खांबाशी धाकू गुरवानं डोळे मिटले आणि मिटलेले ओठ उघडले. "व्हय महाराजा." तो दुसरा. तिसऱ्याला पुढच्या रांगेतली म्हातारी माणसं आली. चौथ्याला सगळा गाव आला, बायापोरांसकट, असा की देवळावरची पाखरं उडाली. पाण्याला उकळी फुटल्यासारखं झालेलं, शेपट्या, पाठी, पांढरी पोटं. आणि पाचवा होकार संपला तेव्हा पाण्यावर एक शीत नव्हतं.

पाच.

तीन नव्हेत. पुरानं न्यायचं ते नेलं होतं. पण बारा पण नव्हेत. आणि पाचव्या होकाराला, माझ्या पायाशी, नथवाली वर आली. सोन्याची नथ, उन्हात लखलख. तिनं शेपूट मारलं ते थेट सबनीसांच्या कागदावर. माझे तिन्ही आकडे भिजून गेले.

"हे खोटं," अंकुश म्हणाला.

"नथ?"

"नथ, मासा, कागद, सगळं. वरच्या पायरीपर्यंत पाणी उडवलं म्हणे."

"बरं, नथ काढून टाक. तुझ्यासाठी मासा बिननथीचा. पण सबनीसांनी काय केलं ते तर ऐक. ते उठले नाहीत. सुगंधाकडून होकारांचा सगळा हिशोब ऐकून घेतला. म्हणाले, 'बारा, तीन आणि आता पाच. हे कुठल्या कागदावर आहे?' कुणीतरी म्हणालं, 'कागदावर नाय, तोंडात हाय.' बुधवारी सकाळी जायचा माणूस शनिवारपर्यंत राहिला. रोज सकाळी काठावर, मूठभर भात घेऊन, चष्मा सांभाळत, एकटाच 'व्हय महाराजा' म्हणतोय. पहिल्या दिवशी त्याचे सात झाले, कारण घाईघाईनं म्हणायचा. सुगंधानं त्याला लय शिकवली. मग चारही दिवस पाच, पाच, पाच, पाच."

"म्हणजे पाच दिवस राहिला."

"तू दिवस मोजतोस की ऐकतोस? पुढच्या पाच वर्षांचं काम मंजूर झालं. नवा छापील कागद आला, त्यात 'माशांची संख्या' हा रकानाच नाही. त्या जागी छापलेलं, 'मूठभर भात संपेपर्यंतचे होकार'. पुण्यामुंबईला तो कागद गेला असेल, कुणाकुणाला कळला असेल देव जाणे. मेधाताई माझ्याशी दीड वर्ष बोलल्या नाहीत. कागद माझ्याकडून काढून घेतला आणि सुगंधाला दिला. राखण आजतागायत मोडलेली नाही. तू आज सकाळी डबा वाजलेला ऐकलास ना? म्हशी उतरल्या होत्या. आता तिची सून वाजवते, म्हणजे भाच्याची बायको."

अंकुशनं स्टोव्ह बंद केला. मग रिकामा ग्लास उचलला.

"नथ सोडली तर बाकीचं खरं, तात्या?"

"अक्षर न् अक्षर."

"तुम्ही सगळ्यांसमोर उभं राहून सांगितलंत, आकडा खोटा म्हणून?"

"सगळ्यांसमोर."

खालच्या वळणावर चारच्या गाडीचा हॉर्न झाला. सुगंधानं पिशवी खांद्याला लावली, उठली, आणि माझ्यासमोर येऊन उभी राहिली. आता तिच्याकडे बघणं भाग होतं.

"कुठल्या पायरीवर उभा होतास म्हणालास?"

"सातव्या."

"गुडघाभर पाण्यात."

"व्हय."

"सातवी पायरी श्रावणात पुरानं नेली. मघाशी तूच सांगितलंस याला. पायऱ्या चारच उरलेल्या, अजून चारच आहेत."

अंकुशच्या हातातला ग्लास तसाच राहिला. बिस्कीटवाला गिऱ्हाईक मागं वळून माझ्याकडे बघायला लागला.

"खोटं सांगतोस, जैरामदादा," ती म्हणाली, शांतपणे, आमसुलं आंबट झालीत म्हणावं तसं. "गाऱ्हाणं तू घातलं नाहीस. चौथ्या पायरीवर मी उभी होते. बाई उभी राहिली म्हणून तोंडं मिटली होती सगळ्यांची. देवळामागं कण्हेरीत तू होतास, खालून तुझ्या चपला दिसत होत्या."

गाडी येऊन थांबली. कंडक्टरनं दार उघडलं. सुगंधानं एक पाय आत ठेवला आणि वळून बघितलं.

"पहिला होकार तुझा होता. सगळ्या गोष्टीत तेवढं एकच चांगलं केलंस, आणि नेमकं तेच माझ्या नावावर घातलंस?"